नऊ दिवसांचा बर्फ

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या महाविद्यालयाच्या प्राचार्या माननीय दीपाली सुर्वे मॅडम. प्रमुख पाहुणे, मच्छीमार सोसायटीचे चेअरमन माननीय भागोजीशेठ मयेकर. ज्यांच्यासाठी आपण सगळे एवढ्या पावसात छत्र्या सांभाळत इथवर आलो ते सत्कारमूर्ती, भौतिकशास्त्र विभागप्रमुख डॉ. सखाराम घवाळी सर. सरांच्या शेजारी बसलेल्या घवाळी वहिनी. माझे सर्व सहकारी, आजी-माजी विद्यार्थी. आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसलेले जैनुद्दीनभाई वस्ता. आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

जैनुद्दीनभाईंचं नाव घेतल्याबरोबर काही माना मागे वळल्या. वळू देत. त्यांना मी बोलावलंय. ते यायला तयार नव्हते, "माजा काय काम थय?" म्हणाले. मी म्हटलं, काम माझं आहे, तुम्ही फक्त बसा. बसलेत ते. त्यांना चहा मिळाला नसेल तर ओमकार सर, जरा बघा.

सूत्रसंचालन करणाऱ्या ओमकार सरांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. गणिताच्या बाईला पाच मिनिटं म्हणजे फळा पुसण्यातच जातात. पण प्रयत्न करते.

मी प्राध्यापक मृणाली शिवगण, गणित विभाग. बावीस वर्षांपूर्वी मी देवरूखहून या महाविद्यालयात आले तेव्हा स्टाफरूममध्ये पहिला डबा माझ्यापुढे सरकवला तो घवाळी सरांनी. वहिनींच्या हातचं बांगड्याचं तिखलं होतं. मी देवरूखची, आमच्याकडे मासे आठवड्याच्या बाजाराला यायचे आणि तेही घाट चढून थकलेले. काटा कसा काढायचा ते सरांनी शिकवलं. पुढे वर्षानुवर्षं त्या डब्यात माझा एक वाटा असायचाच. वहिनी, ते मी विसरलेले नाही. आज जे बोलणार आहे ते बोलतानाही विसरलेले नाही.

सरांच्या अध्यापनाबद्दल माझ्याआधीच्या चार वक्त्यांनी भरभरून सांगितलं. त्यांचं हस्ताक्षर, त्यांचा वक्तशीरपणा, शून्य गैरहजेरी. सगळं खरं आहे. माझ्याकडे एकच विषय उरलाय, आणि तो सरांच्या कारकिर्दीतला सर्वांत गाजलेला विषय आहे. मागे बॅनरवरसुद्धा तो छापलाय. 'थरयुक्त पदार्थांतील उष्णतावहनाचे गणितीय प्रारूप.' नाव ऐकून घाबरू नका. आपल्या जेटीवरच्या कुठल्याही खलाशाला हा विषय कळतो, फक्त तो त्याला या नावाने हाक मारत नाही.

बोटीच्या पोटात बर्फाचा खण असतो. त्यात बर्फ आणि मासळी. बाहेर समुद्राचं कोमट पाणी. मध्ये भिंत. ती भिंत थरांची: बाहेरून लाकडी फळी, मग चार इंच फोम, मग आतून फायबर. समुद्राची उष्णता या थरांतून वाट काढत बर्फापर्यंत किती वेगाने पोचते, हे मोजायचं. ते कळलं की बर्फ किती दिवस टिकेल ते सांगता येतं, आणि बोट किती लांब जाऊ शकते ते ठरवता येतं. एवढंच.

तीन वर्षांपूर्वी सोसायटीने हे काम महाविद्यालयाकडे दिलं. समीकरणं मी मांडायची, प्रयोग आणि संगणकाचा प्रोग्राम सरांनी करायचा, असं ठरलं. आता विद्यार्थी बसलेत म्हणून सांगते, थरांच्या गणितात सगळी गंमत सीमेवर असते. जिथे एक थर संपतो आणि दुसरा सुरू होतो तिथे आपण अट घालतो की या थरातून जेवढी उष्णता बाहेर पडली, तेवढीच त्या थरात शिरली पाहिजे. मधल्या मध्ये काही नाहीसं होता कामा नये. ही अट मोडली की पुढचं उत्तर कितीही सुबक येऊ दे, ते खोटं.

मी चार पानं लिहून सरांकडे दिली. पहिली तीन पानं थरांची होती. चौथं पान फासळ्यांचं होतं.

फासळ्या म्हणजे काय? बोट नुसत्या फळ्यांची नसते. आतून लाकडी फासळ्या असतात, आपल्या छातीला असतात तशा. जिथे फासळी, तिथे फोम नाही. फळीपासून आतल्या फायबरपर्यंत सलग लाकूड. म्हणजे गोधडी पांघरली, पण दर हातभर अंतरावर तिला भोक. मी स्वतः जेटीवर जाऊन टेप लावून मोजलं होतं. दर वीस इंचांत तीन इंच लाकूड आणि सतरा इंच फोम. प्रयोगशाळेत सरांनी जी नमुन्याची पेटी केली तिला फासळ्या नव्हत्या, कारण दीड फुटाच्या पेटीला त्या कशाला लागतात? म्हणूनच ते चौथं पान गरजेचं होतं. मी सरांना तसं सांगितलंही. सर म्हणाले, "उत्तम मुद्दा काढलात, मॅडम."

पुढे प्रोग्राम तयार झाला. उघडला की तो एकेक गोष्ट विचारायचा. फळीची जाडी? फोमची जाडी? समुद्राचं तापमान? बर्फ किती? आणि शेवटी, फासळीची रुंदी? ती ओळ बघून मला केवढा आनंद झाला होता! माझं चौथं पान त्यात आहे, असं मी समजले. उत्तर यायचं नऊ दिवस. सभागृहात टाळ्या पडल्या, वर्तमानपत्रात फोटो आला, गेल्या वर्षी सोसायटीच्या बोटींना तसा फोम बसला. फोटोत मी सरांच्या डाव्या बाजूला आहे, दात दिसतात एवढी हसतेय.

बहुतेक बोटी चार दिवसांत परतायच्या, त्यामुळे नऊ दिवसांची परीक्षा कुणी घेतलीच नाही. ती घेतली जैनुद्दीनभाईंनी. बावीस वर्षं तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, आहेत ते. मी इथे जेवढी वर्षं फळ्यापुढे उभी आहे तेवढीच वर्षं ते बोटीवर. गेल्या नोव्हेंबरात, आमच्या नऊ दिवसांवर विसंबून, ते आठ दिवसांच्या फेरीला गेले. सुरमईने खण भरला होता. सहाव्या दिवशी दुपारी खणात बर्फाच्या जागी पाणी होतं. बंदराला लागेपर्यंत मासळी हाताला लागताच तुटत होती.

मग चौकशी. भागोजीशेठ, तुम्हीच समिती नेमलीत, आणि तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाही. तुमच्यापुढे दोनच गोष्टी होत्या. एकीकडे एका तांडेलाचा शब्द, दुसरीकडे महाविद्यालयाचं गणित. आणि गणित तपासायला तुम्ही मला बोलावलंत.

त्या दिवशीचं जैनुद्दीनभाईंचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. ते म्हणाले, "मॅडम, बरफ मी सवता उभा ऱ्हावन भरून घेतलाय. झाकन बी गरजंबिगर उगडला नाय. तिसऱ्या दिसापासना बरफाला चर पडाया लागलं. उभं चर. येक हितं, येक हितं, येक हितं." आणि ते हाताने दाखवत होते. दोन हातांमध्ये साधारण वीस इंचांचं अंतर धरून दाखवत होते.

तुम्हाला कळतंय का ते काय सांगत होते? फासळ्या सांगत होते! प्रत्येक फासळीसमोरचा बर्फ आधी वितळत होता. माझं चौथं पान तो माणूस हवेत काढून दाखवत होता. आणि मी, ते पान जिने लिहिलं ती, त्यांना म्हणाले, "जैनुद्दीनभाई, चरांचं राहू द्या. फासळ्या आम्ही हिशेबात धरल्यात."

अभिप्रायावर सही करण्याआधी मी सरांना फोन केला होता. विचारलं होतं, "सर, चौथ्या पानावरचं फासळीचं पद आत आहे ना?" सर म्हणाले, "मॅडम, प्रोग्राम रुंदी विचारतो की नाही? मग!" आज मी ते वाक्य उलटसुलट करून बघते. त्यात 'हो' कुठेच नाही. पण बावीस वर्षं ज्याच्या डब्यातलं खाल्लं त्याच्या वाक्यात 'हो' आहे की नाही हे कोण शोधत बसतं?

मी प्रोग्राममध्ये तीन इंच भरले. उत्तर नऊ दिवस. आणि मी लिहून दिलं: "गणितीय प्रारूपानुसार बर्फ नऊ दिवस टिकणे अपेक्षित असल्याने तांडेलाचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही." खाली माझी सही. मग समितीला दुसरं काय म्हणता येणार होतं? बर्फ वितळला नाही, तर गेला कुठे? निष्कर्ष निघाला की तांडेलाने भर समुद्रात तो दुसऱ्या बोटीला दिला. जैनुद्दीनभाईंकडून बोट काढून घेतली. आपल्या किनाऱ्यावर तांडेलाबद्दल असं एकदा बोललं गेलं की पावसपासून जयगडपर्यंत कुठल्याही बंदरात त्याला बोट मिळत नाही. हंगामाचे उरलेले सहा महिने ते इतरांची जाळी शिवत होते. बाजारात एकदा समोरासमोर आले. त्यांनी मला सलाम केला. मी दुसरीकडे बघितलं, कारण मला वाटत होतं की मी एका खोटारड्या माणसाचा सलाम घेतेय.

ओमकार सर, तुमची चिठ्ठी मिळाली. पाच मिनिटं संपली आहेत, मला ठाऊक आहे. माईक मात्र बंद करू नका. बंद केलात तरी मी वर्गात बोलणारी बाई आहे, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जातो.

मार्चमध्ये मी परीक्षेसाठी प्रश्न काढत होते. सरांचा प्रोग्राम मुलांना चालवायला द्यावा म्हणून त्यात आकडे भरत होते. माझ्या कीबोर्डवरचं शून्याचं बटण गेल्या पावसाळ्यापासून अडकतं. दाबलं की कधी उठत नाही, आणि कधी हात लागला तरी उमटतं. फासळीची रुंदी तीन भरायची, ती तीस भरली गेली. आता वीस इंचांच्या अंतरात तीस इंचांची फासळी म्हणजे फोम राहिलाच नाही, भिंत अख्खी लाकडाची. बर्फ दोन दिवसही टिकता कामा नये. उत्तर आलं, नऊ दिवस.

मी शून्य भरलं. नऊ दिवस. शंभर भरले. नऊ दिवस.

मग मी प्रोग्राम आतून उघडला. तो फासळीची रुंदी विचारतो. तुम्ही दिलेला आकडा घेतो, जपून ठेवतो आणि पुढे कुठेही वापरत नाही. माझं चौथं पान त्यात नव्हतं. कधीच नव्हतं. तिथे नुसता प्रश्न होता.

त्याच दुपारी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. मनात म्हणत होते की चूक असेल, राहून गेलं असेल. माणूस आहे, एखादी ओळ निसटते. सर, तुम्ही "राहून गेलं" एवढं म्हणाला असतात ना, तरी मी विश्वास ठेवला असता. मी त्या केबिनच्या दारात उभी राहून तुम्ही तसं म्हणावं म्हणून अक्षरशः वाट बघत होते.

सरांनी मला बसायला सांगितलं, पंखा लावला आणि शांतपणे म्हणाले, "ते पद घातलं असतं तर नऊचे साडेपाच झाले असते, मॅडम. सोसायटीला आम्ही आधीच नऊ सांगून बसलो होतो. साडेपाच दिवसांच्या खणाचं उद्घाटन करायला कोण येतं?"

मी विचारलं, "मग ती रुंदीची ओळ कशाला ठेवलीत?"

म्हणाले, "ती तुमच्यासाठी. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

बघा. माझ्या भावनांची केवढी काळजी! वहिनी, मान खाली घालू नका. तुमचा यात काडीचाही संबंध नाही. पण मला हे मोठ्याने सांगितलंच पाहिजे की मला आयुष्यात कुणी इतकं दुखावलेलं नाही. चूक लपवली असती तर राग आला असता, गेलाही असता. इथे माझा विश्वास नेमका कुठे बसतो ते ओळखून, मोजून, तेवढ्या मापाचा खोटा प्रश्न करून ठेवला होता. मला फसवलं, तेही एक वेळ ठीक. पण मला फसवून माझ्याच हाताने, माझ्याच सहीने दुसऱ्या माणसाला खोटं पाडलं. फोन केला तेव्हाही सांगता आलं असतं. एक शब्द. "थांबा."

मी म्हटलं, सर, जैनुद्दीनभाईंचं काय? सर म्हणाले, "त्याला दुसरी बोट मिळेल हो. मात्र एक विनंती. एकतीस जुलैला मी निवृत्त होतोय. तोवर थांबा. मग काय बोलायचं ते बोला."

आज एकतीस जुलै आहे.

मी थांबले. मार्च ते जुलै, चार महिने. हे मी मोठेपणाने सांगत नाही, शरमेने सांगतेय. डब्यातल्या वाट्याला जागले असं स्वतःला समजावत राहिले, आणि त्या चार महिन्यांत एक माणूस जेटीवर खाली बसून जाळी शिवत राहिला. सरांनी माझ्याशी जे केलं त्याचा राग धरायचा मला हक्क आहे. पण या चार महिन्यांचं खापर सरांवर फोडता येणार नाही. ते माझे आहेत.

आता गणित. घाबरू नका, पाचवीच्या मुलाला येईल. हात वर करून बोटांवर करा हवं तर. वीस इंचांत सतरा इंच फोम, तीन इंच लाकूड. लाकूड फोमच्या साधारण पाचपट उष्णता आत सोडतं. म्हणजे तीन पंचे पंधरा. सतरा आणि पंधरा, बत्तीस. फासळ्या नसत्या तर वीस. जिथे वीस वाटे उष्णता शिरेल असं आपण धरलं, तिथे बत्तीस वाटे शिरत होती. नऊ दिवसांचा बर्फ साडेपाच दिवसांत संपणार. साडेपाच दिवस पूर्ण झाले की कोणता दिवस चालू असतो? सहावा. दिवसाची कोणती वेळ? दुपार.

"सहाव्या दिसाला दुपारच्याला," असंच म्हणाले होते ना जैनुद्दीनभाई? समितीच्या इतिवृत्तात आहे. त्यांच्याकडे संगणक नव्हता, समीकरण नव्हतं, आणि त्यांनी अर्ध्या दिवसापर्यंत बरोबर सांगितलं होतं.

भागोजीशेठ, हे पाकीट तुमच्यासाठी. जरा हात पुढे करा. धन्यवाद. यात तीन कागद आहेत. एक, ते चौथं पान. दुसऱ्यावर रुंदी तीन, तीस आणि शंभर भरून काढलेली तीन उत्तरं, तिन्ही नऊ. आणि तिसरा कागद म्हणजे माझ्या सहीचं पत्र: डिसेंबरचा माझा अभिप्राय चुकीच्या प्रोग्रामवर आधारलेला होता, मी तो मागे घेते, आणि तांडेल जैनुद्दीन वस्ता यांचं म्हणणं गणिताने तंतोतंत खरं ठरतं. याची एक प्रत प्राचार्या मॅडमच्या टेबलावर सकाळीच ठेवली आहे. मॅडम, तुम्हाला समारंभाच्या धावपळीत ती बघायला सवड झाली नसेल. उद्या बघा, पण बघा.

शेठ, आणखी दोन विनंत्या. उद्यापासून मासेमारी उघडतेय. ज्या बोटींना हा फोम बसवलाय त्यांना सांगा की बर्फ पाच दिवसांचा आहे, पाचव्या दिवशी बंदरात या. आणि सोसायटीच्या एका बोटीवर अजून तांडेल ठरलेला नाही असं ऐकते. ते ठरवण्याआधी हे पाकीट उघडा. मी कुणाचं नाव सुचवत नाही. तो माझा प्रांत नाही. माझा प्रांत आकड्यांचा, आणि आकडे पाकिटात आहेत.

घवाळी सर, आपल्याला निरोप देताना काय शुभेच्छा द्यायच्या याचा मी आठवडाभर विचार केला. आपल्याला उत्तम आरोग्य लाभो, हे मनापासून म्हणते. सोसायटीने आपल्याला जे स्मृतिचिन्ह दिलंय ना, ती सागवानी बोट, ती मघाशी मी हातात घेऊन बघितली. आत वाकून बघितलं. ज्या सुताराने ती केली त्याने एवढ्याशा बोटीलाही सगळ्या फासळ्या घातल्यात. तेरा आहेत. शोकेसमध्ये ठेवाल तेव्हा तिचं तोंड अशा बाजूला ठेवा की त्या आपल्याला दिसतील.

आता आभार. बोलू दिल्याबद्दल प्राचार्या मॅडमचे, माईक चालू ठेवल्याबद्दल ओमकार सरांचे, पाकीट खिशात घातल्याबद्दल भागोजीशेठचे, आणि बावीस वर्षांच्या डब्यांबद्दल वहिनींचे. त्या आभारात आज काही कमी झालेलं नाही.

भाषणाच्या शेवटी, बोलण्याच्या ओघात काही चुकलंमाकलं असेल तर सभागृहाने उदार मनाने क्षमा करावी, असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे. पण मी आज ओघात काही बोललेले नाही. एकेक शब्द मोजून आणलाय, त्यामुळे सभागृहाकडे मागण्यासारखी क्षमा माझ्याकडे नाही. माझी चूक डिसेंबरातली आहे, कागदावरची, सहीनिशी. ती ज्यांना भोवली त्यांच्याकडेच क्षमा मागता येते.

जैनुद्दीनभाई, उठू नका, बसा. मीच खाली येतेय तुमच्याकडे. पण त्याआधी माईकवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, एकदा सांगते. तुम्ही बर्फ पुरता भरला होता. चरही पडले होते, तुम्ही दाखवलेत तिथेच. मला माफ करा.